कामं बदलली, कारभार तोच : डिचोली तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मी उत्तर गोव्यात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण डिचोली तालुक्यातल्या एका घराचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा-बायको दोघांनीही मजकूर वाचला आणि हरकत नाही म्हणून कळवलं. त्यांना आपण उमेश आणि स्मिता म्हणू. बोलणं बहुतेक कोकणीत झालं, एक-दोन वाक्यं सोडली तर इथे ते मराठीत दिलं आहे.

पार्श्वभूमी

२००७ मध्ये लग्न झालं तेव्हा उमेशचे दोन टिपर ट्रक खाणीवर चालत होते, दोन्ही कर्जावर घेतलेले. त्या वर्षांत चीनला कमी प्रतीचं लोहखनिजही खपत होतं. खाणीवरून जेटीवर ट्रकांची रांग आणि जेटीवरून मुरगाव बंदराकडे बार्ज, असा माल दिवसरात्र वाहत होता. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या तालुक्यांत ज्याच्या दारात ट्रक उभा, त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक फार चौकशी करत नसत. स्मिता तेव्हा एका खाजगी इस्पितळात नर्स होती. लग्नानंतर सासऱ्यांनी विचारलं, आता कशाला ही दगदग? तिने वाद घातला नाही आणि नोकरीही सोडली नाही.

२०१० मध्ये मुलगी झाली, तिसरा ट्रक आला. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा स्थगिती आदेश आला. तिन्ही ट्रक परड्यात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. २०१३ मध्ये स्मिताला सरकारी आरोग्य सेवेत स्टाफ नर्सची जागा मिळाली आणि घर तिच्या पगारावर आलं. २०१५ साली मुलगा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस खाणी थोड्या हलल्या, दोन ट्रक पुन्हा बाहेर पडले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. उमेशने मिळेल त्या भावाला दोन ट्रक विकून कर्जाचा मोठा भाग फेडला. तिसरा ताडपत्रीखाली ठेवला.

या सगळ्यात तो घरी कधी बसला, याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. आधी मुलीला शाळेत सोडणं-आणणं त्याच्याकडे आलं, मग स्मिताच्या रात्रपाळीच्या दिवशीचा स्वयंपाक, मग रोजचाच. २०१९ मध्ये वडील वारले. कोविडच्या काळात स्मिता वॉर्डातून आली की वेगळ्या खोलीत राहायची, तेव्हा चूल, मुलं, त्यांची मोबाइलवरची शाळा सगळं त्याच्यावर होतं. २०२१ मध्ये आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तिची औषधं, फिजिओथेरपी, इस्पितळाच्या फेऱ्याही तोच करू लागला.

पण घरात कोणी विचारलं, शेजाऱ्याने विचारलं, बँकेने विचारलं, तर उत्तर एकच : खाण सुरू होईपर्यंत. अकरा वर्षं हे ‘होईपर्यंत’ चाललं होतं. जी गोष्ट तात्पुरती आहे तिची घडी कोण बसवतं? म्हणून या घराची घडी कधी बसवलीच गेली नाही.

समोर आलेला प्रश्न

२०२३ च्या पावसाळ्याआधी उमेश एकटाच आला. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, “मॅडम, बायल सही करिना.”

रस्त्याला लागून वडिलांच्या नावावर एक प्लॉट होता. मोपाचा विमानतळ त्या जानेवारीत सुरू झाला होता, पर्यटक त्या बाजूने येऊ लागले होते. प्लॉट विकायचा, दोन टॅक्सी घ्यायच्या, एक स्वतः चालवायची, एकीवर ड्रायव्हर ठेवायचा, असा त्याचा बेत होता. गिऱ्हाईक तयार होतं, विसार द्यायलाही तयार होतं. स्मिता सही करत नव्हती, आणि का ते सांगतही नव्हती. घरात तीन आठवडे अबोला होता.

स्मिता दुसऱ्या वेळी आली, रात्रपाळी संपवून थेट. तिचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रकांचं कर्ज घेताना कोणी मला विचारलं नाही, फेडलं मात्र माझ्या पगारातून. आता जमीनही त्याच वाटेने जाईल. मग थांबून म्हणाली, “आणि खरं सांगू? घरी गेल्यावर मला अजून आईंना आंघोळ घालायची आहे.”

मी विचारलं, उमेश घरीच असतो ना? तो घरीच होता. मुलांचे डबे झाले होते, भात शिजत होता, आईचा चहा आणि गोळ्या झाल्या होत्या. आंघोळ तेवढी राहिली होती. रात्रभर वॉर्डात पेशंटना उठवून-बसवून आलेली सून दार उघडेपर्यंत सासू ओल्या कपड्यात बसून राहायची, पण मुलाला हात लावू द्यायची नाही.

आधी कागद

हा वाद सहीचा आहे असं धरून त्यांना वकिलाकडे पाठवता आलं असतं. पण गोव्यात सहीचा वाद घराबाहेरचा नसतोच. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि अर्धी अर्धी दोघांची असते, वारशाने आलेलीसुद्धा. जोडीदाराच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही. मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखे. हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक असतं, मात्र ते आठवतं नोटरीच्या टेबलापाशी.

म्हणून दोघांना सांगितलं की पुढच्या वेळी भांडण नको, प्लॉटचे कागद आणा. कागद आले आणि हिशेब मांडला. वडील गेल्यावर अर्धा प्लॉट आईचा, कारण तो तिचा स्वतःचाच अर्धा. उरलेल्या अर्ध्याचे दोन वाटे, एक उमेशचा आणि एक साखळी गावात दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीचा. उमेशच्या चौथाईत स्मिताचा अर्धा हिस्सा, बहिणीच्या चौथाईत तिच्या नवऱ्याचा. म्हणजे ‘माझा प्लॉट’ म्हणून जो विकायचा होता त्यातला उमेशचा स्वतःचा भाग एक अष्टमांश, आणि सह्या लागणार पाच. आईला अजून कोणी विचारलंच नव्हतं. बहिणीला ‘सांगितलं’ होतं.

उमेश बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग हसला. पहिल्यांदाच हसताना दिसला.

त्याच संहितेत एक गंमत आहे, ती मी त्यांना सांगितली. मूळ कायद्यात मालकी दोघांची, पण मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे. दीडशे वर्षांपूर्वीच्या लिस्बनमधली ही वाटणी डिचोलीच्या या घरात जशीच्या तशी चालू होती. स्मिताच्या पगाराचं एटीएम कार्ड उमेशच्या पाकिटात असायचं. कोणतं कर्ज, कोणता विमा, कोणाच्या लग्नात किती आहेर, हे तो ठरवायचा. आणि घरकामात नेमकं उलटं. स्वयंपाक तो करायचा, पण काय करायचं ते फ्रिजवरच्या चिठ्ठीवर स्मिता लिहून जायची. डाळ कधी संपेल, गॅस कधी नोंदवायचा, मुलाची नखं कधी कापायची, सगळं तिच्या डोक्यात. तो म्हणाला, “मी काय नोकर आहे, यादी लावायला?” ती म्हणाली, “आणि मी काय एटीएम?”

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे होती. कामांची अदलाबदल अकरा वर्षांत झाली होती, कारभाराची झाली नव्हती. दोघंही दुसऱ्याचं काम करत होते आणि आपापला जुना अधिकार सोडत नव्हते. सही न करणं हा स्मिताने पैशाच्या कारभारात घातलेला पहिला हात होता.

आठवडाभराची नोंद

कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या मागे दोघांनी एक आठवडा आपापली कामं वेळेसकट लिहून आणली. उमेशचं घरकाम आणि आईचं बघणं मिळून दिवसाला पाच तासांच्या वर जात होतं, आणि त्यात त्याने बऱ्याच गोष्टी लिहिल्याच नव्हत्या. आईच्या गोळ्या लिहिल्या नव्हत्या, “त्याला काय वेळ लागतो” म्हणून. मी त्याला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ-वापर पाहणी दाखवली. देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालतात, घरकाम करणारे पुरुष ९७. तू बायकांच्या सरासरीच्या वर आहेस म्हटल्यावर त्याला आनंद व्हावा अशी माझी अपेक्षा नव्हती, पण इतका चेहरा पडेल असंही वाटलं नव्हतं. “हे बाहेर कोणाला दाखवू नका,” म्हणाला.

हाच माणूस गावच्या देवळात महाप्रसादाचं खतखतं, म्हणजे मिश्र भाजी, करणाऱ्यांमध्ये पहिला असतो. पाचशे माणसांचं खतखतं रांधणं अभिमानाचं, चार माणसांचं हुमण (माशाची आमटी) लपवायचं. कपडे मशीनमध्ये तोच घालायचा, पण वाळत मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाहीत असे. स्मिताचा युनिफॉर्म तर गोठ्याच्या आडोशाला.

बाहेरची व्यवस्थाही त्याला मदत करत नव्हती. मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त आयांचा. ‘उद्या चार्ट पेपर आणणे’ हा निरोप रात्री आठला वॉर्डात असलेल्या स्मिताला यायचा, ती तो उमेशला पाठवायची, तोपर्यंत दुकान बंद. गृह आधार योजना आली २०१२ मध्ये, खाणी बंद झाल्या त्याच वर्षी. महागाईत घर चालवणाऱ्याच्या हाती दरमहा काही रक्कम, पण ती विवाहित स्त्रियांसाठी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. या घराला ती लागू नव्हतीच. तरी एकदा उमेश उपहासाने म्हणाला की सरकारच्या फॉर्ममध्येसुद्धा मी बसत नाही.

पर्याय

जमीन विकून टॅक्सी. हा उमेशचा पर्याय, आणि तो वेडगळ नव्हता. गाडी त्याच्या हातातली, रस्ते पाठ. पण टॅक्सीवाल्याचे तास विमानांच्या वेळेवर, पावसाळ्यात धंदा अर्धा, आणि दुसऱ्या गाडीवर ठेवलेल्या ड्रायव्हरचा भरवसा. मुख्य म्हणजे तो बाहेर पडल्यावर आई आणि मुलांचं कोण बघणार, हे त्याच्या हिशेबाच्या वहीत कुठेच नव्हतं. त्याचं स्वतःचं पाच तासांचं काम त्याने स्वतःच फुकट धरलं होतं. दिवसभराची बाई ठेवायची तर किती पडेल, हे लिहिल्यावर एका गाडीची कमाई जवळजवळ तिथेच जात होती.

औद्योगिक वसाहतीत कंत्राटी नोकरी. बारा तासांच्या पाळ्या. दोघांनीही लगेच खोडला.

स्मिताने बालसंगोपन रजा घ्यावी. ही सूचना उमेशच्या मामाची, आणि घरातल्या सगळ्यांना ती पटकन आवडली. सरकारी महिला कर्मचाऱ्याला नोकरीच्या काळात ७३० दिवसांपर्यंत अशी रजा मिळते, पुरुषाला मात्र तो एकटा पालक असेल तरच. नियमच असा असल्यावर घराने तिच्याकडेच बघावं यात नवल नाही. स्मिताने ठाम नकार दिला. ती रजा मुलीच्या दहावीसाठी राखून ठेवली होती, आणि रजेवर असलेली सून कायमची स्वयंपाकघरात जाते हे तिने मैत्रिणींच्या घरी पाहिलं होतं. हा नकार मला फार महत्त्वाचा वाटला. तिने तो रागात दिला नाही, कारणं देऊन दिला.

बालरथ. अनुदानित शाळांना सरकारने दिलेल्या या बसगाड्यांवर ड्रायव्हर शाळा नेमते. सकाळी दीड-दोन तास, दुपारी शाळा सुटल्यावर तेवढेच. मधली सकाळ मोकळी. जवळच्या एका शाळेत जागा होती, अवजड वाहनाचा परवाना त्याच्याकडे होताच. पगार कमी, तो पूर्वी स्वतःच्या ड्रायव्हरला द्यायचा त्याच्या आसपास. हा पर्याय स्मिताने मांडला आणि उमेश उठून उभा राहिला. “हांव ड्रायव्हर न्हय, मालक आशिल्लों.” मी ड्रायव्हर नव्हे, मालक होतो. त्या दिवशीचं बोलणं तिथेच संपलं.

निर्णयाच्या जागा आणि उचललेली पावलं

पहिली जागा आईची होती. सहीच्या निमित्ताने का होईना, अर्ध्या प्लॉटच्या मालकिणीशी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी घरी गेले. जिभेवर थोडा परिणाम झाला आहे, पण बोलते ती स्पष्ट. जमिनीबद्दल म्हणाली, विका, नाहीतर ठेवा, माझ्या जाण्यानंतर तुमचीच आहे. आंघोळीचा विषय काढल्यावर मान फिरवली. “तो दादलो,” एवढंच म्हणाली. मुलगा असला तरी पुरुषच, यापुढे तिला काही बोलायचं नव्हतं.

आईची लाज मोडून काढायची की मान्य करायची, हा खरा प्रश्न. वेळ पडल्यास मुलगेही आईची सगळी सेवा करतात, आणि नव्या विचारांच्या नावाखाली इथेही आग्रह धरता आला असता. पण ज्या देहाची गोष्ट आहे त्याच्या मालकिणीचं म्हणणं सर्वांत आधी. स्मिताही म्हणाली, पेशंटला नको असेल तर आम्ही वॉर्डातसुद्धा नर्स बदलतो. मग वाड्यावरचीच एक बाई रोज सकाळी तासभर यायला तयार झाली. पैसे कोण देणार यावर साखळीची ताई बोलली. तिला आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. “जमिनीत माझा वाटा आहे म्हणता, तर आईतही आहे,” म्हणत तिने अर्धे पैसे आणि रविवार स्वतःकडे घेतला. तिच्या नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. त्याची तरी समजूत होती की बहिणींनी हक्क सोडायचा असतो.

दुसरी जागा पैशांची. एटीएम कार्ड स्मिताकडे परत गेलं. दोघांच्या नावाचं एक घरखातं उघडलं, पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम त्यात पडते आणि ते खातं उमेश चालवतो. बाजार, वीजबिल, शाळेची फी त्यातून. एका ठरावीक रकमेच्या आतल्या खर्चाचा हिशेब त्याला कोणी विचारायचा नाही, त्यावरचा खर्च आणि कोणतंही कर्ज दोघांच्या सहीशिवाय नाही.

याच्या बदल्यात फ्रिजवरची चिठ्ठी गेली. स्वयंपाकघराचा कारभार पूर्ण उमेशकडे, आठवण करून द्यायची नाही, हे स्मिताने कबूल केलं. तिला ते फार जड गेलं. पहिल्याच महिन्यात एका रात्री गॅस संपला. सिलिंडर संपत आलाय हे तिला दोन दिवस आधीच माहीत होतं, तिने दात-ओठ खाऊन तोंड मिटून ठेवलं. त्या रात्री सगळ्यांनी पाव-भाजी बाहेरून आणून खाल्ली. शिवाय उमेश मासळीच्या बाजारात गेला की अजून ट्रकमालक असायचा. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विसवण (सुरमई) आणली आणि शेवटचा आठवडा तारल्यांवर आणि सुक्या बांगड्यांवर काढला. चौथ्या महिन्यापर्यंत हे बसलं. हिशेब शिकवून आला नाही, खातं रिकामं झालेलं बघून आला.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी स्मिता वर्गशिक्षिकेशी बोलली. काही आयांची कुरकुर होती, एक पुरुष ग्रुपमध्ये कशाला. शेवटी शाळेनेच पालकांचा वेगळा ग्रुप केला, आणि त्यात आणखी तीन वडील निघाले.

बालरथाची जागा सर्वांत शेवटी सुटली, आणि ती आमच्या खोलीत सुटली नाही. गणेश चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधताना चुलतभावाने विचारलं, उमेश, सध्या काय करतोस? नेहमीचं ‘खाण सुरू होईपर्यंत’ तोंडावर आलं, आणि शेजारी बसलेला त्याचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, “बाबा घरी असतो, तो सगळं करतो.” हे त्याने मला नंतर सांगितलं, काहीसं चिडूनच. दसऱ्यानंतर त्याने अर्ज दिला. चिडून दिला की आणखी कशाने, ते मी विचारलं नाही.

निष्पत्ती

वर्षभराने चित्र असं होतं. सकाळी मदतनीस बाई येते, स्मिता रात्रपाळीवरून येऊन सरळ झोपते. उमेशचा पगार लहान आहे पण नियमित आहे, आणि त्याचं जेवढं कौतुक स्मिताला आहे त्याहून जास्त बँकेला आहे, कारण उरलेला हप्ता वेळेवर जातो. प्लॉट विकला नाही. वारसांचा दस्त मात्र करून घेतला, त्यात पाचही जण आले. गिऱ्हाईकाने दुसरीकडे जमीन घेतली.

गावात बोलणारे बोललेच. बालरथ पहिल्यांदा गावच्या तिठ्यावरून गेला तेव्हा जुन्या ट्रकवाल्यांपैकी दोघांनी हॉर्न वाजवून सलाम ठोकला. उमेश म्हणतो थट्टा होती. बसमधली मदतनीस बाई म्हणते, त्यातल्या एकाने नंतर तिच्याकडे जागा रिकामी होते का म्हणून चौकशी केली.

सगळं जुळलं असं नाही. कपडे अजून मागेच वाळतात. स्मिता बाहेरगावी प्रशिक्षणाला गेली की दिवसातून तीनदा फोन करून भाजी कोणती केली विचारते. आणि दोघांमध्ये जी कोरड पडली होती ती हिशेबाच्या कागदाने भरत नाही. ते त्यांचं ते बघतील.

वेगळं काय करता आलं असतं

आईला आधी विचारायला हवं होतं. प्लॉट अर्धा तिचा, आंघोळ तिची, आणि तरी दोन महिने सगळी चर्चा तिच्या नावावर, तिच्या गैरहजेरीत चालली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या खोलीत बसून बोलणं झालं असतं तर सहीचा वाद इतका ताणला गेला नसता.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आराखड्यात मुलं नव्हती. उमेश दुपारी बसवर, स्मिता सकाळपाळीला, अशा दिवशी एक ते अडीच घरात आजी आणि शाळेतून आलेली दोन मुलं. भात गरम करणं, आजीला वाढणं, भावाचं ताट उचलणं हे चौदा वर्षांच्या मुलीकडे आपोआप गेलं. कोणी ठरवलं नव्हतं. आजी हाक मारायची ती नातीलाच. दोन मोठ्या माणसांनी आपसांत न्याय केला आणि उरलेला भार खाली सरकून नेमका मुलीच्या अंगावर पडला. तिनेच एकदा वडिलांना सुनावलं की ट्यूशनचा अभ्यास माझा राहतो, भावाचा का नाही? आता मुलगा आजीचं ताट वाढतो, पाणी सांडतो, आजी कुरकुरते. ही वाटणी सुरुवातीच्याच नोंदवहीत, चौथा-पाचवा रकाना करून, लिहून ठेवता आली असती.

तिसरं : मुदत. घरखात्याची आणि कारभाराची वाटणी किती काळासाठी, पुन्हा कधी बसून बघायची, हे आधी ठरवलेलं नव्हतं. ‘खाण सुरू होईपर्यंत’ने जे नुकसान केलं होतं तेच पुन्हा होऊ शकलं असतं. नंतर दर गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला वही उघडायची असं दोघांनी ठरवलं.

आणि खाण खरोखरच सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचा लिलाव झाला होता, २०२४ मध्ये डिचोलीची खाण चालू झाली. एका कंत्राटदाराचा उमेशला फोन आला : ट्रक दुरुस्त करून घे, काम आहे. दुरुस्तीला कर्ज लागणार होतं, म्हणजे दोन सह्या. त्या रात्री दोघं वही घेऊन बसले. उमेशने दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला फोन करून विचारलं की महिन्याला किती खेपा आणि किती महिने, हे लिहून देणार का. लिहून द्यायला तो तयार नव्हता. ट्रक अजून ताडपत्रीखाली आहे, आणि येत्या पाडव्याच्या बैठकीत तो भंगारात काढायचा की नाही, हा पहिला विषय आहे. उमेशचं मत अजून ‘नाही’ असंच आहे.